गाव पाहावं निवडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याने गाव काही निवडून पाहिलेलं नसणार. नाहीतर घर आणि लग्न त्याने किरकोळीत धरलं असतं. लग्नात निदान समोरचा माणूस एकच असतो. गावात साडेअकराशे असतात, आणि पसंती त्यांची लागते.

सुरुवात एका चित्रापासून झाली. आमच्या धाकट्याला शाळेत 'माझा परिसर' या विषयावर चित्र काढायला सांगितलं होतं. बाकीच्या मुलांनी दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी असा परिसर काढला. ही सगळी मुलं कोथरूडला राहतात. आमच्या चिरंजिवांनी लिफ्ट काढली. एक चौकोन, त्यात चार माणसं, चौघांच्या माना वर, डोळे मजल्याच्या आकड्यावर. कुणालाच तोंड काढलेलं नव्हतं. का, विचारलं तर म्हणाला, "लिफ्टमध्ये लागत नाही."

बायको ते चित्र बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अरे, आपण कुठेतरी गावात जाऊन राहू या."

मी तेव्हा वारज्याच्या पुलाखाली पाऊण तास अडकून नुकताच घरात शिरलो होतो. तिने 'विहिरीत जाऊन राहू या' म्हटलं असतं तरी मी 'पार्किंग आहे का' एवढंच विचारलं असतं. म्हटलं, "राहू या."

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. आमच्या घरात दोनशे पानी वहीशिवाय कुठलाही निर्णय होत नाही. त्यातली पहिली तीन पानं भरतात आणि उरलेल्या एकशे सत्त्याण्णवांवर दुधाचा हिशोब चालतो. पहिल्या पानावर बायकोने 'गाव कसं हवं' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि सगळ्यांच्या अटी मागवल्या.

तिच्या स्वतःच्या: हवा स्वच्छ, मुलांचा डॉक्टर वीस मिनिटांवर, शाळा झाडाखालची वाटावी पण तिला छप्पर असावं. आईच्या: देऊळ चालत जाण्याजोगं, पण भोंगा नको, शेजार हवा, पण उंबऱ्याबाहेर, आणि मिरचीच्या आधी भाजणी दळून देणारी गिरणी. थोरलीची: गाय लांब, वायफाय जवळ. धाकट्याला कुत्रा हवा होता, एवढंच. मी लिहिलं: शांतता, इंटरनेट, आणि रात्री अकराला भुर्जी मिळण्याची सोय.

बायकोने सगळं मोठ्याने वाचून काढलं आणि म्हणाली, "हे कोथरूडच आहे की. फक्त माणसं खोडलीत."

अशा ठिकाणाला निमशहरी म्हणतात. सरकारदरबारी या गोष्टींना मोजमाप असतं. २०११ च्या जनगणनेत एखाद्या खेड्याची गणना शहरात करायची तर वस्ती किमान ५,०००, कामकरी पुरुषांतले निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि चौरस किलोमीटरला ४०० माणसं, असा हिशोब होता. माझं मोजमाप सोपं आहे. जिथे पार्सलवाला येतो पण पिझ्झावाला येत नाही, ते निमशहर.

पहिला मोर्चा सासवडकडे. दिवे घाट चढताना मला एकच गोष्ट खटकत होती. आचार्य अत्र्यांचा जन्म सासवडजवळचा, १८९८ चा. ज्या तालुक्यातून अत्र्यांसारखा माणूस निघून पुण्या-मुंबईला गेला, त्या तालुक्यात मी उलट्या दिशेने घुसत होतो. आमच्या दोघांत चुकतंय कोण, हे ठरवायला फार डोकं लागत नव्हतं.

एजंट चौकात उभा होता. पांढरे कपडे, पांढरी गाडी, पांढरे बूट; त्याच्या धंद्यातला पांढरा रंग तेवढाच. त्याने आम्हाला एका माळावर नेलं. माळावर एक बाभूळ होती आणि बाभळीखाली एक शेळी.

"साहेब, टच रोड आहे."

"रोड कुठेय?"

"येतोय. रोड येतोय, विमानतळ येतोय, मोठमोठ्या कंपन्या येतायत. पाच वर्षांत इथून पुणं ओळखू येणार नाही."

"आम्हाला शांतता हवी होती," बायको म्हणाली.

एजंटचा चेहरा पडला. हे गिऱ्हाईक त्याच्या हिशोबात बसेना. पुरंदरच्या विमानतळाच्या बातमीवर त्याने चार वर्षं पोट भरलं होतं, आणि इथे एक बाई विचारत होती की विमानतळ येणार नाही असा माळ आहे का. तो विचार करून म्हणाला, "मॅडम, शांतता म्हणाल तर विमानतळ होईपर्यंत शांतताच आहे." आम्ही अर्धा डझन अंजिरं घेऊन परत आलो. अंजिरं मात्र उत्तम होती.

दुसरं तळेगाव. लोकलने जाता येतं, ही मोठीच सोय. पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तिथे निघाला, म्हणजे देशभक्तीला तळेगावची हवा तेव्हापासून मानवलेली आहे. एका बंगल्याच्या ओट्यावर सत्तरीचे काका पेपर वाचत होते. बंगल्यापुढे पारिजातक, मागे बारा मजली इमारत, आणि त्या इमारतीच्या सावलीत पारिजातक वाळत चाललेला. म्हटलं, "काका, राहायला गाव कसं आहे?"

"होतं," काका म्हणाले. "छान होतं. एक्क्याण्णव-ब्याण्णवपासून वाट लागली. बाहेरची माणसं आली ना."

"तुम्ही मूळचे इथलेच?"

"छे, दादरचा मी. नव्वदला आलो."

मी हसलो. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं.

मुळशीचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. तिथे सुटं घर नव्हतं, 'समविचारी कुटुंबांची वस्ती' होती. एका मित्राच्या मित्राने आमचं नाव घातलं. चौदा कुटुंबं, सामाईक भाजीचा मळा, मातीची घरं, एक गाय. १९२१ साली याच मुळशीत आपली गावं धरणात जाऊ नयेत म्हणून शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसले होते. आज ज्या पाण्याखाली ती गावं आहेत त्या पाण्याचा देखावा दिसतो म्हणून गुंठ्याला दर जास्त पडतो. हे मी बैठकीत बोलून दाखवलं. माझी समविचारी म्हणून पत तिथेच निम्मी झाली.

बैठक साडेतीन तास चालली. विषय एकच: गाईचं नाव. सात कुटुंबं म्हणत होती की नाव ठेवणं म्हणजे मालकी दाखवणं. पाच म्हणत होती, मुलांना जिव्हाळा लागतो. एक गृहस्थ तटस्थ होते आणि एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या ध्यानात आहेत की झोपेत, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मग मुलांनी टीव्ही बघावा का, यावर उपसमिती नेमायची ठरली. मग उपसमितीला समिती म्हणणं फार सरकारी वाटतं, तिला 'वर्तुळ' म्हणू या, असं ठरलं. या सगळ्या वेळात बाहेर एक स्थानिक मावशी गाईला पाणी दाखवून, गोठा झाडून, शेण गोळा करून, गोवऱ्या थापून हात धुवून घरी जायला निघाल्या होत्या. मी सहज विचारलं, "मावशी, गाईला काय म्हणता तुम्ही?"

"तांबडी," मावशी म्हणाल्या. "दुसरं काय म्हननार?"

ही बातमी मी आत जाऊन सांगितली. आमचं नाव त्यानंतर यादीतून निघालं. अधिकृत कारण 'सूर जुळत नाहीत' असं आलं.

मग बायकोला आठवला 'स्वदेस' सिनेमा. त्यातलं गाव तिने वीस वर्षं मनात जपून ठेवलेलं. ते चित्रण वाईजवळच्या मेणवलीत झालं होतं, हे कळल्यावर आम्ही रविवारी सकाळी मेणवलीच्या घाटावर हजर. नाना फडणिसांचा वाडा, कृष्णेचं पाणी, दगडी पायऱ्या, मोठी घंटा. बायकोचे डोळे भरून आले. पायरीवर एक बाई धुणं धूत होती. बायको म्हणाली, "बघ, हे खरं गाव." तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, फ्रेममधून बाजूला व्हा!" धुणं धुणारी बाई मालिकेतली होती. तिने पाचव्यांदा तोच टॉवेल बुडवला. तिचं स्वतःचं धुणं, तिनेच सांगितलं, कांदिवलीला मशीनमध्ये होतं.

जमीन विकत घेऊन टुमदार घर बांधावं, असाही विचार मधे डोक्यात येऊन गेला. तेव्हा कळलं की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कूळकायद्यातली अट. मी शेतकरी आहे की नाही, हे मला चाळिसाव्या वर्षी शोधायला लागलं. आईने संगमेश्वरच्या चुलत दिरांना फोन लावला. पंधरा दिवसांनी सातबारा आला. क्षेत्र सहा गुंठे, त्यातला पोटखराबा चार, आणि खातेदारांची नावं चौतीस. एकतिसावा मी. सारखे वाटे धरले तर माझ्या वाट्याला लागवडीलायक चौसष्ट चौरस फूट जमीन येत होती. आमचं कोथरूडचं स्वयंपाकघर थोडं मोठं आहे. पण कायद्याने मी शेतकरी ठरलो, आणि त्या दिवसापासून पाऊस लांबला की मला उगीचच काळजी वाटायला लागली.

एवढं करून एजंट म्हणे, "दोनच गुंठे घ्या साहेब." म्हटलं, १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे ना? तर म्हणे, "कायदा त्याच्या जागी, आपण आपल्या जागी. नोटरी करून टाकू." चौसष्ट फुटांचा का होईना, मी आता प्रतिष्ठित शेतकरी होतो. असल्या भानगडीत पडलो नाही.

शेवटी गाव मिळालं ते न शोधता. गाडी पंक्चर झाली म्हणून. भोरकडून मांढरदेवीच्या घाटाने वाईला निघालो होतो. घाटाच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगत नाही. गावाचं नावही सांगणार नाही. त्याचं कारण पुढे येईल. पंक्चरवाला चाक काढत होता तोवर धाकटा पारावर जाऊन बसला. तिथे तीन म्हातारे होते. एकाने विचारलं, "कुनाचा रं तू?" धाकट्याने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने मला नीट न्याहाळलं आणि त्याला म्हणाला, "असूं दे." परत येताना धाकट्याच्या हातात बोरं होती, आणि पाच वर्षांत प्रथमच तो अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोलला होता. बायकोने वही गाडीतच ठेवली. "इथेच," म्हणाली.

घर भाड्याचं. माळवदाचं जुनं घर, पुढे ओटा, मागे परसात शेवगा. मालक कात्रजला फ्लॅट घेऊन राहिलेले. भाडेकरारासाठी बसलो तेव्हा ते म्हणाले, "काय करणार साहेब, पोरांच्या शिक्षणासाठी गाव सोडलं."

"आम्ही पोरांच्या शिक्षणासाठीच गावात येतोय," बायको म्हणाली.

दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. समोरच्याला कुणीतरी फसवलंय अशी दोन्ही बाजूंची खात्री पटली होती, पण अनामत रक्कम ठरलेली असल्यामुळे ते बोलून दाखवता येत नव्हतं. मालकांनी हळूच विचारलं, "तुमच्या मुलीची पुण्यातली जागा मोकळी होईल ना? काही ओळख..." होती. त्यांची मुलगी आता आमच्या थोरलीच्या वर्गात, बहुधा तिच्याच बाकावर बसते.

टेम्पो गावात शिरला त्या दिवशी पारावर चौकशी समिती बसलेली होती. हिला वर्तुळ म्हणायची गरज नव्हती. सगळे गोलच बसले होते. अध्यक्षस्थानी तात्या.

"नोकरी गेली का?"

"नाही, आहे."

"मग दुखनं?"

"नाही."

"भावकीत काय झालं?"

"नाही हो."

"मग ह्ये कशापायी?"

"हवा," मी म्हटलं. "स्वच्छ हवेसाठी आलो."

तात्यांनी मान वर करून इकडेतिकडे हवा बघितली. सत्तर वर्षं बघत होते, त्यात पुण्याहून सामान हलवण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत निकाल लागला: कर्ज झालंय. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात दीड किलो शेंगदाणे मागितले तर दुकानदार अतिशय प्रेमाने म्हणाला, "रोखीत द्या, काय?" कधीपासून चालत आलेल्या उधारीच्या तीन वह्या त्याच्या गल्ल्यावर दिसत होत्या. महिन्याभराने त्याने आमच्या नावाचं पान उघडलं तेव्हा आईने घरी शिरा केला.

शाळेत मात्र आमचं स्वागत झालं तसं माझं लग्नातही झालं नव्हतं. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, पुढे चिंच. पट एकोणीस. गावातली ऐपतवाली मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात, आणि वीसच्या आतल्या पटाचं पुढे काय, ही टांगती तलवार मुख्याध्यापकांच्या डोक्यावर. आम्ही दोन मुलं घेऊन आत शिरलो आणि पट एकवीस झाला. गुरुजींनी दोघांना गुलाबाचं फूल दिलं, मला खुर्ची दिली, चहा मागवला. सही घेता घेता ते अगदी हळू आवाजात, पण मनापासून म्हणाले, "साहेब, तिसरं नाही का?"

दुधाचं काय झालं, ते सांगायला बायको मला मनाई करते, पण सांगतोच. निरशा दुधासाठी आम्ही आलो होतो. शेजारी सहा म्हशी. पहाटे किटल्या डेअरीवर जातात, फॅट लागते, पावती निघते, टँकर येतो आणि दूध पुण्याला जातं. आम्ही मागायला गेलो तर काकू संकोचून म्हणाल्या, "आवो, समदं डेअरीला घातलं. दुकानात पिशवी मिळंल की." तेव्हा सध्या व्यवस्था अशी आहे: म्हैस आमच्या खिडकीतून दिसते, तिचं दूध पुण्याला जाऊन, थंड होऊन, पिशवीत बसून परत येतं, आणि आम्ही ते दुकानातून आणतो. भाजीचंही तेच. घेवडा मार्केट यार्डला जातो. बायकोची बहीण कोथरूडहून फोन करून सांगते, "काय सुंदर घेवडा आलाय गं, तुमच्याच बाजूचा."

शांततेबद्दल. शांतता आहे, पण ती सकाळी साडेअकरा ते दुपारी चार. पहाटे भोंग्यावर भूपाळी, मग कोंबडे, मग डेअरीची मोटारसायकल, मग ग्रामपंचायतीचा स्पीकर. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येते, आणि स्पीकरचा खांब त्याच टाकीला टेकलेला. एकदा तिथे बसून मी परदेशातल्या गिऱ्हाइकाला अत्यंत गंभीर आवाजात वर्षभराच्या कामाचा आढावा देत होतो. मी "आमचा संघ पूर्ण सज्ज आहे" म्हणायला आणि डोक्यावर स्पीकर सुरू व्हायला एकच गाठ पडली. "समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं की व्हॉल्व्ह खराब झाल्यामुळं उद्या पाणी येणार नाही. ज्यांची घरपट्टी थकलीय त्यांची नावं आता वाचून दाखवू." नावं बावीस होती. बाविसावं माझं होतं. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, मागे काय चाललंय? मी म्हटलं, "स्थानिक सभा. माझा उल्लेख झाला." ते प्रभावित झाले.

गुरुवारी वीज नसते. हे मात्र कुणी लपवलं नव्हतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

लिफ्टमध्ये तोंड लागत नाही, इथे मात्र माझं एकट्याचं पुरत नाही. पार्सलवाला घर शोधत नाही. किराणा दुकानात टाकून जातो. दुकानापासून घर तीनशे पावलांवर, आणि तेवढ्या अंतरात मला पाच जण सांगतात की माझं खोकं आलंय. "मोठं हाय. मिक्सर दिसतोय." "मिक्सर न्हवं, हलवून बघितलं, हलकं हाय. उशी असंल." उशीच होती. दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, "झोप लागली का न्हाई?" मागच्या महिन्यात बायकोने मला न सांगता एक साडी मागवली. ती साडी आणि तिची किंमत मला गिरणीत कळली. गिरणीत आईची भाजणी अर्थातच मिरचीनंतरच दळली जाते. पहिले तीन महिने आमच्या घरातलं प्रत्येक थालीपीठ डोळ्यांत पाणी आणायचं, आणि आई ते गावच्या आठवणीने येतंय असं पाहुण्यांना सांगायची.

या सगळ्याला आता दोन वर्षं झाली. धाकट्याने परवा पुन्हा 'माझा परिसर' काढला. त्यात पार आहे, टाकी आहे, टाकीच्या जिन्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला एक माणूस आहे, आणि सगळ्यांना भलीमोठी तोंडं आहेत. सगळी उघडी. धाकट्याला कुत्रा कधी मिळाला ते कळलंच नाही. पारावरची तीन कुत्री त्याच्या मागे घरी आली आणि राहिली.

गेल्या रविवारी एक चकचकीत गाडी पारापाशी थांबली. बाणेरचं जोडपं. दोन मुलं मागे मोबाइलवर. बाईंच्या हातात वही नव्हती, टॅब होता, पण त्यावरच्या दुहेरी रेघा मी लांबून ओळखल्या. गृहस्थ उतरले, त्यांनी खोल श्वास घेतला आणि मला विचारलं, "राहायला कसं आहे हो गाव? मुलांसाठी बघतोय."

मी मान हलवली. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडत होते आणि मलाच ते ऐकू येत होते. "आता पूर्वीचं राहिलं नाही. बाहेरची माणसं यायला लागली. आधी काय गाव होतं!"

पारावरून तात्यांचा आवाज आला, "आधी म्हंजी कवा ओ?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. गाडी गेली. तात्या तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "ल्हान पोरं हुती रं त्यांची. पट तेवीस झाला असता."

तेव्हापासून गुरुजींच्या समोर जायची मला चोरी झाली आहे. पण नाव मी सांगणार नाही ते नाहीच. तुम्हाला खरंच गाव हवं असेल तर सासवडकडे बघा, तिथे अंजिरं चांगली मिळतात. तळेगावला लोकल जाते. मुळशीत एक गाय आहे, तिचं नाव अजून ठरायचं आहे असं ऐकतो. आणि एवढं करूनही भोरवरून घाटाला लागलातच, वाटेत पंक्चर झालंच, तर कृपा करून एवढं करा: गुरुवारी या.